कारण नसताना घरी जा: नव्या फादरांसाठी घरभेटींची वाट

माझा पहिला धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, वसईच्या पश्चिम पट्ट्यात होता. एका मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास पांढरा झगा घालून मी एका आळीत शिरलो. दोरीवरचे कपडे काढत असलेल्या एका मावशीने मला पाहिलं, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि विचारलं, "कुणाचं झालं, फादर?"

"कुणाचं काही झालं नाही, मावशी."

"मग कशाला आलात?"

मला उत्तर देता आलं नाही. मावशींनी ओट्यावर खुर्ची टाकली, पदराने पुसली, पाणी दिलं आणि मी बसलो. ती माझी पहिली खरी घरभेट. त्याआधीच्या सगळ्या भेटींना काही ना काही निमित्त होतं.

लोकांच्या मनात फादर घरी येण्याची चार कारणं पक्की असतात: कुणी गेलं, कुणी जायला टेकलं, नवं घर बांधलं किंवा पावतीपुस्तक निघालं. यांपैकी एकही कारण नसताना जायला शिका. चर्चच्या कायद्याच्या ५२९व्या कलमात लिहिलंय, की प्रमुख धर्मगुरूने आपल्या माणसांना ओळखावं, कुटुंबांना भेटावं, त्यांच्या काळज्या आणि दुःखं वाटून घ्यावीत. ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. मला तीस वर्षं लागली आणि अजूनही एखाद्या घरातून बाहेर पडताना कपाळावर हात मारावासा वाटतो.

बाहेरच्या प्रांतातून वसईत आलेल्या फादरांना एक आधीच सांगतो. इथली कितीतरी घराणी सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, ही माणसं इथंच राहिली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा या चर्चांना शेकडो वर्षं झाली होती. तुम्ही त्यांच्यासाठी नवे असाल, फादर ही चीज त्यांना नवी नाही. तुमच्याआधी त्यांनी पंधरा जण पाहिलेत आणि प्रत्येकाची नक्कल त्यांना करता येते.

हिशेब आणि वेळ

आधी कुटुंबांची नोंदवही काढा. धर्मग्रामात ९०० कुटुंबं आहेत असं धरा. आठवड्यातून चार संध्याकाळी, दर संध्याकाळी चार घरं, म्हणजे आठवड्याला १६. उपवासकाळ, नाताळ, सण, लग्नसराई आणि मुसळधार पावसाचे आठवडे वजा केले की वर्षात तीस आठवडे हातात उरतात. झाली ४८० घरं. म्हणजे एक फेरी पूर्ण व्हायला दोन वर्षं. हा आकडा आधीच मान्य केला की घाई होत नाही. मी एकदा एका संध्याकाळी अकरा घरं केली होती. दुसऱ्या दिवशी कुणाच्या मुलाला नोकरी लागली आणि कुणाच्या मुलाची सुटली हेच मला आठवेना. चुकीच्या घरी अभिनंदन करून बसलो.

सुरुवात चर्चच्या कुंपणाला लागून असलेल्या घरापासून करू नका. ती माणसं तुम्हाला रोज भेटतात. सीमेवरच्या, रेल्वेच्या बाजूच्या, खाडीकाठच्या घरापासून सुरू करा आणि चर्चकडे येत जा. टोकाच्या माणसांना नेहमी वाटतं, की फादर येईपर्यंत त्यांची बदली होते. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

वेळ घराप्रमाणे बदलते, हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. मोगरा, चाफा, भाजी घेऊन दादरला जाणारी घरं पहाटेची लोकल पकडतात. ती रात्री आठला दिवा मालवतात. त्यांच्याकडे चार-साडेचारला जा. तेव्हा ते वाडीतून आलेले असतात आणि फुलं मोजता मोजता बोलतात. हात कामात असला की माणूस मोकळं बोलतो. नोकरदारांकडे साडेआठच्या आधी गेलात तर फक्त आजी आणि मुलं भेटतील, आणि नवरा-बायको विरारच्या गाडीत लोंबकळत असतील. रविवारी दुपारी कुणाकडेच जाऊ नका. आठवड्यात ती एकच झोप असते.

रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, "या आठवड्यात अमुक आळी" एवढंच जाहीर करा. तारीख आणि वार सांगितला की लोक घर रंगवायला काढतात. एका घरात तर मी यायच्या आदल्या दिवशी नवा सोफा आला होता, आणि त्याचं प्लास्टिक काढायचं राहून गेलं होतं. अर्धा तास आम्ही सगळे करकर आवाज करत बसलो.

काय न्यायचं, काय घालायचं

खिशात घडी घातलेला स्टोल (विधीच्या वेळी गळ्यात घालायचा पट्टा), आशीर्वादाच्या पाण्याची छोटी बाटली, आजाऱ्यांच्या तेलाची डबी, लहान वही आणि पेन. पावतीपुस्तक नाही. चर्चच्या छपराचं काम अर्धं राहिलेलं असलं तरी नाही. कुणी पाकीट पुढं केलं तर रविवारी दानपेटीत टाकायला सांगा. एकदा पाकीट घेतलंत की पुढच्या घरातली बाई तुमच्याशी बोलताना मनात कपाटातले पैसे मोजत राहते.

गावात झगा घालून जा. पोरं आधीच धावत जाऊन वर्दी देतात आणि घरच्यांना सावरायला दोन मिनिटं मिळतात. टॉवरमध्ये मी साधा शर्ट घालतो, गळ्यात क्रूस. तिथं शेजारी कोण आहे ते माहीत नसतं, आणि झगा बघून वॉचमन घाबरतो. त्याच्या वहीत 'कामाचं स्वरूप' असा रकाना असतो. मी तिथं 'चहा' असं लिहितो. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

आळीतल्या कुटुंबांच्या समूहाचे प्रतिनिधी सोबत येतील. त्यांना घर दाखवू द्या आणि फाटकापासूनच निरोप द्या. शेजारचा माणूस समोर बसला असताना कुणीही आपल्या पोराच्या दारूबद्दल बोलत नाही.

उंबरठ्याच्या आत

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू शिष्यांना सांगतो की घरात शिरताच आधी 'या घराला शांती असो' म्हणा आणि ते देतील ते खा, प्या. त्याच ठिकाणी 'घरोघर फिरत राहू नका' असंही आहे. आळशी फादरांना तेवढंच वचन पाठ असतं. येशूचं म्हणणं होतं, की एका घराची पंगत बरी नाही म्हणून दुसरं शोधू नका. चहाच्या बाबतीत हे अक्षरशः पाळा. श्रीमंताच्या घरी केक खाल्लात आणि पुढच्या पत्र्याच्या घरी "नको, आताच झालं" म्हणालात, तर ते वाक्य तुमच्या बदलीनंतरही त्या आळीत राहील. चार घरांत चार चहा होतात आणि माझी साखर आता वाढलेली आहे. म्हणून मी प्रतिनिधींना आधीच सांगून ठेवतो, की या फेरीला फादर फक्त पाणी पितील. सगळीकडे पाणी म्हणजे सगळीकडे पाणी. अपवाद एकच: घरात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, असतील तर एक तोंडात टाकतो. डॉक्टरांना सांगू नका.

तुमच्यासाठी घरातली सगळ्यात चांगली खुर्ची पंख्याखाली येईल. ती आजोबांची असते. त्यांनाच तिच्यावर बसवा.

टीव्ही बंद करायला लावू नका, आवाज कमी केला तरी पुरे. घरातल्या वेदीकडे बघा. तिथं कुणाचे फोटो आहेत, कुणाच्या फोटोला हार आहे, हे विचारलं की पहिली दहा मिनिटं आपोआप जातात. वसईत जन्मलेल्या आणि १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मारल्या गेलेल्या संत गोन्सालो गार्सियाचं चित्र असेल, तर ते कुणी आणलं ते विचारा. त्यामागे बहुतेक वेळा एखाद्या आजोबांची गोष्ट असते. विहिरीला पाणी किती आहे, केळीचा घड कितीला गेला, पोराची कंपनी कुठली, हेही विचारा. मिस्साचा विषय काढू नका.

मी तो काढला होता. दुसऱ्याच वर्षी, एका घरात, बसता बसता म्हणालो, "रविवारी दिसत नाही तुम्ही." घरमालक कारखान्यात कामाला होते. शांतपणे म्हणाले, "फादर, रविवारी माझी पाळी असते. तुम्हीसुद्धा मला कधी कारखान्याच्या गेटवर दिसला नाहीत." त्यांच्या बायकोने जीभ चावली. मी त्यानंतर कुणाचीही हजेरी घेतलेली नाही. पुढच्या महिन्यात पाळी सुटायच्या वेळी त्या गेटवर जाऊन मात्र उभा राहिलो. त्यांनी मला ओळख दाखवली नाही, पण दोन रविवारांनी संध्याकाळच्या मिस्साला शेवटच्या बाकावर दिसले.

गप्पा रंगल्या की एक प्रश्न विचारायचाच: "आत कोण आहे?" पुढच्या खोलीत बसलेली माणसं घरात सगळ्यात कमी एकटी असतात. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले आजोबा असतात, दहावीत नापास झालेला मुलगा असतो. स्वयंपाकघरात सून असते, आणि ती बायबलमधल्या मार्थासारखी पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली, बाहेर येतच नाही. तिच्याकडे पाणी मागायच्या निमित्ताने दारापर्यंत जा आणि तिला तिच्या नावाने हाक मारा. 'अमक्याची बायको' म्हणू नका.

कित्येक घरांत सून किंवा जावई हिंदू आहे. "बाप्तिस्मा कधी घेणार?" हा प्रश्न भेटीत विचारायचा नसतो. एका घरात सुनेने वेदीसमोर रोज दिवा लावायचं काम आपणहून घेतलं होतं. सासू त्याबद्दल तक्रारीच्या सुरात सांगत होती. मी सुनेला विचारलं, "वात कुठली वापरता?" तिने माहेरून आणलेल्या कापसाची गोष्ट सांगितली. मी बसल्या बसल्या सासूचा आवाज मऊ झाला.

जुनी माणसं कादोडी, वाडवळी या इथल्या बोलींत बोलतील. समजलं नाही तर पुन्हा विचारा, मान डोलावू नका. त्यांना लगेच कळतं. इमारतींत मंगळुरी, मल्याळी, तामिळ कुटुंबं आहेत. त्यांच्या नावाचा उच्चार दारातच विचारून घ्या.

भांडणं

वसईत जमिनीला सोन्याचा भाव आला आणि भावाभावांत भिंती आल्या. एकाच ओट्याचे दोन भाग झालेले तुम्हाला दिसतील. अशा ठिकाणी दोन्ही घरी एकाच संध्याकाळी जा आणि दोन्हीकडे सारखा वेळ बसा. घड्याळ बघून बसा. शेजारी घड्याळ बघतच असतात.

सातबारा वाचू नका. साक्षीदार म्हणून सही करू नका. बिल्डरबद्दल मत देऊ नका. आणि निरोप नेऊ नका. मी नेला होता. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मोठ्याला जाऊन सांगितलं, की तो तडजोडीला तयार आहे. मोठ्याने ते वकिलाला सांगितलं, वकिलाने ते वापरलं. धाकटा पुढची तीन वर्षं माझ्या हातून कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेत नव्हता. दुसऱ्या फादरांच्या रांगेत उभा राहायचा. ती चूक माझी होती. आता कुणी काही सांगितलं तर एवढंच म्हणतो, "हे तुम्हीच त्याला सांगा, हवं तर मी नुसता शेजारी बसतो."

आजारी माणूस

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन जाणं ही वेगळी भेट आहे. पिक्स, म्हणजे कम्युनियनची डबी, गळ्यात असली की वाटेत कुठंही थांबायचं नाही. दुकान नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. भेटलेल्या माणसाला मान लववून पुढं निघायचं. घरच्यांना आधी कळवा: लहान टेबल, पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस, पेल्यात थोडं पाणी. एवढं पुरे. काही घरांत फुलांची आरास करतात आणि आजाऱ्याला त्या वासाने खोकला सुटतो.

कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला आणि त्याची काळजी घेणाऱ्यांना लागू नाही, हे बजावून सांगा. मधुमेही आजी उपाशी बसून चक्कर येऊन पडल्याचं मी पाहिलंय. गिळता येत नसेल तर अगदी कणभर तुकडा आणि मागून चमचाभर पाणी. पापनिवेदन असेल तर सगळ्यांना बाहेर काढा. ऐकू कमी येणाऱ्यांचं असेल तर घरच्यांना थेट विहिरीपर्यंत पाठवा, कारण ते ओरडून बोलतात आणि तुम्हालाही ओरडावं लागतं.

तेलाची डबी बघून लोक घाबरतात. त्यांच्या मते तेल म्हणजे शेवट. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी हा विधी नव्याने मांडला तो आजाऱ्यांसाठी. गंभीर आजार असला, मोठ्या शस्त्रक्रियेला जायचं असलं, वय होऊन शक्ती गेली असली, तरी घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावायचं, बस. हे मी मिस्सात दहा वेळा सांगितलं, उपयोग झाला नाही. मग एका धडधाकट दिसणाऱ्या काकांना हृदयाचं ऑपरेशन करायचं होतं. त्यांना सगळ्या आळीसमोर ओट्यावर तेल लावलं. ते बरे होऊन परत आले आणि पुढची सहा वर्षं सगळ्यांना आपले हात दाखवत फिरले. तेव्हापासून त्या आळीत मला रात्री दोनऐवजी दुपारी चारला बोलावतात.

गेलेल्याचं घर

मयताच्या दिवशी सगळं गाव असतं. सातव्या दिवशी असतं, महिन्याच्या मिस्सालाही असतं. मग एकाएकी कुणी नसतं. माझ्या वहीत प्रत्येक मयतापुढे दोन तारखा लिहिलेल्या असतात: दोन महिन्यांनंतरची एक, आणि त्या घरातला पहिला नाताळ. त्या दिवशी जा. नाताळ असेल तर संध्याकाळी जा, शेजारी करंज्या वाटत असतात तेव्हा.

'देवाची इच्छा' हे शब्द तिथं उच्चारू नका. मी एका आईसमोर उच्चारले होते. तिचा मुलगा मोटारसायकलवरून गेला होता. ती म्हणाली, "तुमच्या देवाला माझाच दिसला का?" मी उत्तर देऊ लागलो, ती उठून आत गेली आणि भांडी घासू लागली. आता मी तिथं बसतो, गेलेल्या माणसाचं नाव घेतो आणि त्याची एखादी खोडी आठवत असेल तर सांगतो. लोकांना त्याचं नाव ऐकायचं असतं. बाकीचे ते घ्यायला घाबरतात.

दार उघडं ठेवा

बाई एकटी असेल तर ओट्यावर बसा. फ्लॅट असेल तर मुख्य दार उघडं ठेवा. मूल एकटं असेल तर आत जाऊच नका, "आईबाबा आले की येतो" सांगून निघा. तुमचा हेतू कितीही चांगला असो, याला अपवाद नाही. यावर चर्चा करू नका, फक्त पाळा.

उठताना

पाऊण तासाच्या आत उठा. शेवटची प्रार्थना दोन मिनिटांची. घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात यायला हवं, परदेशात असलेल्या मुलाचंही. भेटीत सगळ्यांसमोर जे बोललं गेलं ते प्रार्थनेत आणा. स्वयंपाकघराच्या दारात हळू आवाजात जे सांगितलं गेलं ते आणू नका, सूचकपणेही नाही. "प्रभू, या घरातल्या व्यसनावर..." असं एका नव्या फादरांनी म्हटलं आणि बाहेर पडताच त्या बाईला मार बसला.

थकलेल्या माणसांसाठी तेविसावं स्तोत्र पुरतं. ते त्यांना पाठ असतं आणि तुमच्या आधी म्हणून संपवतात.

त्याच रात्री वहीत लिहा. 'धाकटीची बारावी', 'काकांचं ऑपरेशन १४ तारखेला', 'गायीला वासरू'. गुपितं लिहायची नाहीत. १५ तारखेला फोन करा. सगळ्या भेटीत लोकांच्या लक्षात राहतो तो हा फोन. बदली झाली की नोंदवही नव्या फादरांच्या हाती द्या आणि ही वही फाडून टाका.

आणि एक घर असं असेल, जे उघडणार नाही. माझ्या आत्ताच्या धर्मग्रामात एक आहे. चर्चशी जुना राग आहे, माझ्या आधीच्या कुणाच्या तरी काळातला. पहिल्या वर्षी फाटकाशी उभा राहून नमस्कार केला, आतून पडदा सरकला. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी ते काका वाडीत होते, वर न बघताच म्हणाले, "पाऊस येईल का हो फादर?" मी म्हटलं, "चार वाजेपर्यंत येईल." तो आला नाही. यंदा जाईन तेव्हा काका बहुतेक त्यावरूनच बोलतील. माझ्यानंतर जो येईल त्याच्यासाठी एवढी नोंद: त्या फाटकाची कडी वाजवू नका, कुत्रा सोडलेला असतो. विहिरीच्या बाजूने जा, तिथून वाडी दिसते.